लाल पेनाचं उट्टं

मित्रांनो, जुनी नोंदवही आहे मी, आणि मनात डूख धरून बसलेली आहे. वहीला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या लिहिण्यावर कुणी चार वर्षं लाल रेघा मारल्या असत्या, म्हणजे तुम्हालाही कळलं असतं.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा बाइंडिंगच्या दुकानात झाला. चारशे पानं, जाड पुठ्ठा आणि पक्क्या दोऱ्याची शिवण. शिवणाऱ्या बाईने मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, "ही टिकेल." तिथून मी पाणथळ उद्यानात आले. दलदलीवरून फळ्यांची जी लांब वाट जाते, तिच्या अकराव्या खांबाला एक पत्र्याची पेटी ठोकलेली आहे. तेच माझं घर. सोबतीला दोरीने बांधलेली एक पेन्सिल. येणाऱ्याने काय पाहिलं ते लिहायचं, खाली नाव टाकायचं आणि झाकण लावून पुढे चालू लागायचं, अशी इथली रीत.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. रविवारी आईबाप मुलांना घेऊन यायचे, माझ्यापाशी थांबून चीजचे तुकडे खायचे आणि तेलकट बोटांनीच लिहायचे. एका मुलाने लिहिलं होतं, 'पाणउंदीर दिसला. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.' एका मुलीने लिहिलं होतं, 'हंस बाबांच्या मागे लागला. बाबा पळाले. हंस जिंकला.' अशी पानंच्या पानं भरत होती, आणि मला माझ्याबद्दल बराच अभिमान वाटायला लागला होता.

मग हॉगस्टॅड सर आले.

सरांनी गावच्या शाळेत चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर नोंदी तपासायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. दर शनिवारी ते लाल पेन घेऊन यायचे. चूक असेल तिथे रेघ, शेजारी शेरा, आणि शेऱ्याखाली तारीख, वेळ, जागा आणि स्वतःची सही. अर्धवट नोंद म्हणजे नोंदच नव्हे, हे त्यांनी अख्ख्या गावाला शिकवलं होतं. हंसाच्या गोष्टीवरही त्यांनी रेघ मारली. 'अनावश्यक', असं लिहिलं. त्या दिवशी माझ्या मनात पहिली ठिणगी पडली.

खरं भांडण छोट्या तापसावरून झालं. हा बगळ्याच्या जातीतला पारव्याएवढा पक्षी, दाट पाणकणसात दडून राहणारा. सरांनी चाळीस वर्षं त्याला शोधलं होतं आणि तो त्यांना एकदाही दिसला नव्हता. त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो दिसूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. कुणी त्याचं नाव लिहिलं की लाल रेघ ठरलेली.

अशा कितीतरी रेघांनंतर एका जूनमध्ये जोझी आली. आठ वर्षांची. तिची आई रेनाटा शाळेची बस चालवते. पोरगी खांबाला चिकटून अर्धा तास हलली नाही, आणि मग जीभ बाहेर काढून तिने मन लावून लिहिलं: 'छोटा तापस. दोन पाय दोन वेगळ्या कणसांवर, मध्ये तो. मम्माने पण बघितला.' शेजारी चित्रही काढलं. माझ्या चारशे पानांत इतकं सुंदर पान दुसरं नव्हतं.

शनिवारी सरांनी त्या चित्रावरून आडवी रेघ ओढली. 'अशक्य. हिरवा बगळा असावा. मुलांच्या हाती पेन्सिल देताना पालकांनी विचार करावा.'

पुढच्या रविवारी जोझीने पान उघडून ते वाचलं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मम्मा, मी खोटं लिहिलं का?"

"नाही गं," रेनाटा म्हणाली. "माझ्याही वहीत ते अशीच रेघ मारायचे. मीही तेव्हा खरंच लिहिलं होतं."

इतका राग मला कधीच आला नव्हता. पण वहीला हात नसतात. तिला वाट बघावी लागते.

फार वाट बघावी लागली नाही. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मेळ्याला येणाऱ्या कुटुंबांना पाणी नीट दिसावं म्हणून उद्यानाच्या समितीने अकराव्या खांबासमोरचं पाणकणीस कापायचं ठरवलं. तिथे कुठलाही दुर्मीळ पक्षी घरटं करत नाही, असं सरांनी लेखी कळवलं होतं, माझाच हवाला देऊन. म्हणजे माझी पानं खोडायची आणि वर माझीच साक्ष काढायची.

त्यावरच्या सभेच्या संध्याकाळी रेनाटाने जोझीला सोबत घेतलं, मला पेटीतून उचललं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन टाउन हॉलमध्ये नेलं. तिथला नियम असा, की बोलायचं असेल त्याने माइकपुढे यावं आणि तीन मिनिटांत आटपावं. टेबलावर अंडी उकडायचं घड्याळ टिकटिकत असतं.

"सर, ओळखलंत?" रेनाटाने विचारलं.

"रेनाटा. शेवटच्या बाकावरची."

"तीच. तीनच मिनिटं आहेत, त्यामुळे माझं काही सांगत नाही. तुमचंच वाचते." आणि तिने मला उघडलं. "पहिल्या वर्षी, पाच जून. अकरावा खांब, सकाळी सहा चाळीस. छोटा तापस असणं अशक्य. सही, हॉगस्टॅड. पुढच्या वर्षी, अठरा जून. अकरावा खांब, सकाळी सात. छोटा तापस नव्हे. सही, हॉगस्टॅड. दोन जुलै. अकरावा खांब..."

अशा नऊ नोंदी तिने वाचल्या.

"नऊ वेगवेगळी माणसं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. चार उन्हाळे आणि जागा एकच. आम्ही तर नुसतं 'पक्षी दिसला' लिहून मोकळे झालो होतो. तारीख, वेळ, जागा सगळं सरांनी टाकलंय. एवढा चोख पुरावा आमच्याच्याने झाला नसता."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर स्वतःच्याच पेपरात नापास." हॉल हसला. मित्रांनो, ते हसू मी पानापानांत मुरवून घेतलं.

"मुलं काहीही लिहितात, रेनाटा," सर म्हणाले.

जोझी खुर्चीवर उभी राहिली. "दोन पाय दोन कणसांवर होते. हिरवा बगळा असा उभा राहतो का, सर?"

कापणी थांबली, आणि सरांनीच उद्या सकाळी जाऊन खात्री करावी असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. सर पाच वाजल्यापासून मला गुडघ्यावर उघडी ठेवून बसले होते. सातला पाणकणीस हललं. दोन पाय, दोन कणसं, मध्ये तो, आणि त्याच्यामागे केसाळ डोक्याची दोन पिल्लं. सरांनी टोपी काढली. त्यांच्या थर्मासातली कॉफी तशीच गार झाली.

बऱ्याच वेळाने त्यांनी जोझीचं पान काढलं आणि स्वतःचा शेरा खोडायला लाल पेन टेकवलं. पण दोन तास धुक्यात राहून मी भिजले होते, आणि ओल्या कागदावर ते पेन चालेना. त्यांनी पेन झटकलं, तळहातावर ओढून पाहिलं. तिथे लाल रेघ उठली. माझ्यावर काही उठेना. पेन्सिल शेजारीच लोंबत होती आणि ती ओल्या कागदावरही चालते. तिला त्यांनी हात लावला नाही. तुमचा शेरा तुमच्या सहीसकट इथेच राहील, असं मी मनात म्हटलं. त्यांनी झाकण लावलं आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

मेळ्याला शेकडो लोकांनी ती पिल्लं पाहिली. एकाही नोंदीवर लाल रेघ पडली नाही. अख्खा ऑगस्ट मी ताठ्यात काढला.

सप्टेंबरात पाऊस लागला आणि पेटीत पाणी आलं. झाकणाच्या कडेचं रबर कुजलं होतं. असं पाणी माझ्या आयुष्यात कधी आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. दरवर्षी कुणालाही न सांगता ते रबर सर बदलत होते. पेटी पुसत होते, खिशातल्या चाकूने पेन्सिलीला टोक काढत होते. समितीला ते ठाऊकही नव्हतं. माझं मात्र सगळं लक्ष त्या लाल पेनावर होतं.

मागच्या रविवारी जोझीने मला उघडलं. "मम्मा, माझं पान चिकटलंय. निघतच नाहीये."

"ओढू नकोस, फाटेल," रेनाटा म्हणाली. तिने मला आपल्या जाकिटाने पुसलं, पण पाणी आतपर्यंत गेलं होतं. आणखी एक पाऊस झाला, तर ते चित्र जाईल.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. गावात हॉगस्टॅड सर दिसले, तर त्यांना माझा निरोप द्या. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. माफी मागायला येऊ नका म्हणावं. झाकणाचं रबर घेऊन या.