दोघींची म्हैस

“मी नाही येत बाजाराला,” करिश्मा म्हशीचं वाक्य ठसक्यात म्हणाली, आणि वर्गात गोलात बसलेली पोरं कागदातून डोकी वर काढून तिच्याकडे बघू लागली.

कारण गोष्टीतली म्हैस आता बाजाराला निघाली होती. मंजुश्री मॅडमनी आदल्या संध्याकाळी गोष्टीचा शेवट बदलला होता. करिश्मा म्हणाली ते जुनं वाक्य; नव्या कागदावर म्हशीचं वाक्य होतं, ‘चला, पण आधी दावं सोडा.’

मुखेडजवळच्या या शाळेत चौथीची मुलं एकच गोष्ट आठवडाभर, रोज पात्रं वाटून घेऊन वाचत. एकेकट्याने वाचताना दातखीळ बसणारी पोरं सगळ्यांच्या ओघात सुरळीत वाचू लागली होती. करिश्मा तर त्यांत अव्वल. तिला म्हैस द्या नाहीतर व्यापारी, पोरगी कुठे अडायची नाही. मॅडमनी तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांपुढे तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. आता उलगडा झाला. तिने सगळ्यांची वाक्यं ऐकून ऐकून पाठ केली होती.

सुट्टीत मॅडमनी तिला जवळ बसवलं. “वाचता येत नाही, तर सांगितलं का नाहीस?”

“मंग तुमी मला अक्षरं गिरवायला एकटीला बसवलं असतं.” करिश्मा फरशीवर बोट फिरवत राहिली. “मायबाप हैदराबादला हायत कामाला. घरी आजीला ऐकू येत न्हाई. हितं गोलात मी काई म्हन्लं की समोरून बबलू उत्तर देतो.”

मॅडमना रागवायचं होतं, पण त्यांनी आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. नवरा गेल्यापासून त्याही मुखेडच्या खोलीत एकट्या. मुलगा पुण्याहून फोन करून ‘जेवलीस का’ एवढं विचारायचा. रोज संध्याकाळी सगळ्या पात्रांचे आवाज काढत गोष्टी लिहायची हौस आपल्याला कशी लागली, ते या पोरीच्या बोलण्यातून त्यांना आज कळलं.

नियमाने तिला वेगळं बसवायला हवं होतं. मॅडमनी तिची म्हैस तिच्याकडेच ठेवली आणि स्वतः गोलात तिच्याशेजारी मांडी घातली. शब्दाखाली बोट धरून दोघी एका आवाजात वाचायच्या. शाळा सुटल्यावर पायरीवर अक्षरं. पोरगी शिकावी म्हणून मॅडम जिवाचं रान करत होत्या. पण सावकाश शिकली तर बरं, असंही कधी मनात येऊन जायचं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

संक्रांत झाली. त्या दिवशी कागद अगदी नवा होता, कुणीच आधी न ऐकलेला. दोघींनी सुरुवात केली आणि करिश्मा मध्येच थांबली.

“मॅडम, तुमी नका म्हनू. माझी ओळ हुकून राहिली.”

मॅडमनी शब्दाखालचं बोट काढून घेतलं. करिश्मा अडखळली, मागे गेली, आणि अख्खी ओळ तिने एकटीने वाचली. समोरून बबलूने उत्तर दिलं. पुढचं वाचता वाचता ती सरकून पोरांना खेटून बसली.

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या. वाचनाच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी आपला कागद दुमडला, त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गोलाबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.