गाढवीने आखलेली रेल्वे

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगतो. मला तरी कुठे पटलं होतं? पण या बंदराची रेल्वे माझ्या आत्याच्या गाढवीने आखली.

तेव्हा आमच्या धक्क्यापुढे खोल पाणी होतं आणि पाठीमागे उभा डोंगर. जहाजं हवी तेवढी यायची, पण न्यायची काय? कापूस सगळा डोंगरापलीकडे. शेजारचं बंदर म्हणजे नुसता चिखल. ओहोटीला होड्या कुशीवर झोपायच्या. पण त्याच्या मागे सपाट जमीन होती, म्हणून रेल्वे तिकडेच जाणार हे जवळजवळ ठरलेलं. ती तिकडे गेली असती, तर आज इथे क्रेन दिसल्या नसत्या, बगळे दिसले असते.

मोजणीचा इंजिनिअर शेवटचा प्रयत्न म्हणून आठ दिवसांसाठी आला. दुर्बीण, साखळ्या, नकाशे घेऊन त्याने डोंगर पालथा घातला. जाईल तिथे चढण अंगावर येई. सहाव्या दिवशी त्याने हात टेकले, तेव्हा कुणीतरी त्याला आत्याचं दार दाखवलं. आत्या गाढवांवरून मीठ पलीकडे न्यायची. तिने साहेबाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, की गाडी आली तर माझं मीठ कोण नेणार? साहेब खरं बोलला. गाडीच नेईल, म्हणाला.

आत्या उठून मिठाच्या गोणीचं तोंड बांधू लागली. मग म्हणाली, "पायावर धोंडा मारून घ्यायचाच, तर निदान नीट नेम धरून मारू."

पण वाट तिलाही सांगता येईना. ती ठाऊक होती गाढवीला. लादलेली गाढवी कधी उभी चढत नाही, सोपा चढ हुंगत हुंगत जाते. तिच्यावर दोन गोणी टाकल्या आणि मोकळी सोडली. मागून साहेब झेंडे रोवत निघाला. अडला हरी, दुसरं काय! ती वळली की लाइन वळली. ती कोबीच्या मळ्यात शिरली, तिथे आज लाइनचं ते मोठं वळण आहे. पठारावर गोणींसकट लोळली, तिथे साहेबाने इमानदारीत गोल काढला. त्याचं पुढे जंक्शन झालं. आठव्या दिवशी पलीकडे पोचल्यावर साहेबाने टोपी काढून तिला सलाम केला.

चार वर्षांनी पहिली गाडी डोंगरापलीकडून बंदराकडे निघाली. धक्क्यावर जहाज उभं. कप्तानाने बजावलेलं, की भरती ओसरायच्या आत कापूस आला नाही, तर रिकामा जाईन आणि पुन्हा या बंदराचं नाव घेणार नाही. गाडीत चारशे गाठी. आणि शेवटच्या वळणावर, धक्का समोर दिसत असताना, चढावर इंजिन दमलं. चाकं जागच्या जागी फिरू लागली, इकडे पाणी ओसरू लागलं. तेव्हा आत्याने गाढवीला आणलं, दोर बांधला, कानात काहीतरी सांगितलं, आणि बावीसच्या बावीस डबे तिने एका दमात ओढून...

चहाच्या टपरीवर शेजारच्या बाकड्यावर बसून हे ऐकणाऱ्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरने कप खाली ठेवला. एकतीस वर्षं त्याने हीच लाइन चालवली होती.

"अण्णा, बंदराकडे येताना तिथे उतार आहे. तिथे गाडी ओढावी लागत नाही, आवरावी लागते."