खंडेनवमीचं तेल

बसवराजला राग आला की आला. मग पुढं देव जरी उभा राहिला तरी तो त्याची गचांडी धरील!

उदगिरात त्याच्या गाडीसारखी गाडी नव्हती, हे मात्र खरं. यंदा पावसानं दगा दिला आणि तळं पार आटलं होतं. पोरं त्या भेगाळल्या तळात गाड्यांच्या शर्यती लावत होती. म्हणून ह्या बाबानं हौसेनं चाकांत ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवल्या. शर्यतीला कडक ब्रेकपॅड, गावात नरम; कारण कडक पॅड तापल्याशिवाय डिस्कला धरत न्हाईत. ते बदलायचे त्यानंच. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावलेला खपत नसे.

खंडेनवमीच्या सकाळी तो उतारानं निघाला. चौकात ब्रेक दाबला. पेडल घट्ट, पण गाडी थांबायचं नाव न्हाई! हँडब्रेक ओढेपर्यंत ती धाकट्या भावाच्या, मडिवाळप्पाच्या, किराणा दुकानात घुसली. ज्वारीची पोती आडवी आली म्हणून तो आणि गल्ल्यावर बसलेला भाऊ, दोघं वाचले.

दोघा भावांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. वाटण्यांत आईनं, लक्ष्मम्मानं, थोरल्याचं घर निवडलं होतं, आणि ही एकच गोष्ट बसवराज गल्लीभर मिरवायचा.

"माझ्या ब्रेकला काय केलास?" त्यानं भावाचा गळा धरला.

"डोकं फिरलं का? तुझी गाडी माझ्या दुकानात आली, मी तुझ्याकडं आलो न्हाई!"

फाडकन मुस्काटात बसली. गल्ली गोळा झाली. बसवराजनं चाकाच्या फटीतून डिस्कवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

"खोबरेल! बघा रे, ब्रेकला तेल लावलंय ह्यानं. मारायला उठला मला! चल फौजदाराकडं, आत सडवतो तुला."

तेवढ्यात लक्ष्मम्मा धापा टाकत आली. "सोड त्याला. म्याच पुसली गाडी."

"तू?"

"सणाची गाडी तशीच ठिवू व्हय? प्यायला पाणी न्हाई, धुयाला कुठलं आणू? तेलाच्या फडक्यानं पुसली. चाकातल्या ताटल्या लई मळल्या हुत्या, त्या चोळून चोळून पुसल्या. मग इभूत लावली."

एका शब्दात मिटलं असतं. 'चुकलं रे' म्हणायचं आणि गळा सोडायचा. पण वाकेल तो बसवराज कसला! भाऊ सुटला आणि आई सापडली.

"अडाणी बाई! मेलो असतो मी! आजपासून माझ्या घरात कशालाच हात लावू नकोस."

लक्ष्मम्मानं पदर खोचला. "न्हाई लावत. पण मग भाकरी कुठल्या हातानं थापू तुझ्या घरात?"

ती सांडलेल्या ज्वारीतून दुकानात शिरली; मागं धाकट्याचं घर होतं. गाल चोळत मडिवाळप्पानं वाट दिली.

"अव्वा, तसं न्हाई गं. ऐक तर..." बसवराजचा आवाज पार खाली आला.

तिनं मागं बघितलंसुद्धा न्हाई. आतून धाकट्या सुनेला मारलेली तिची हाक सगळ्या गल्लीनं ऐकली, "शिवकांता, परात दे गं. पीठ कुठं ठिवलंस?"