दशांशाच्या टोपल्यातली मूठ

चर्र… बांबू फाटल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. चोपड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला विणलं. मी एक टोपला. माझं सारं आयुष्य शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात, ख्रिस्ती मंडळीच्या लहानशा देवळात गेलं.

प्रार्थनेच्या मेजाजवळ मी जमिनीवर असायचो, शेजारी पितळी ताट. मी दशांशाचा, ते अर्पणाचं. पाळकसाहेब सांगायचे, "खळ्यात दहा पायल्या झाल्या तर एक देवाचीच. ती त्याची त्याला पोचवायची. अर्पण म्हणजे आपल्यातून, मनात आलं म्हणून." ताटावर हात ठेवून ते देणाऱ्याचं नाव घेत, कशासाठी दिलं ते देवाला सांगत. माझ्यातल्या ज्वारीला नाव नसे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

झुलालभाऊ पायली शिगोशीग भरून ओतायचे. काहीजण वाटेतच बोटाने शीग पाडून आणत. मी काय बोलणार?

बहात्तर साली खळीच झाली नाहीत. लोक सडकेवर खडी फोडू लागले, रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खाऊ लागले. तीन-चार घरं त्यातलीच थोडी माझ्यात आणून टाकत. त्यातच भिकुबाईचा नातू वना तापाने पडला. जात्यावर बसण्याआधी ती रोज एक मूठ मिलो गाडग्यात बाजूला ठेवू लागली. रविवारी ते गाडगं घेऊन आली.

दाराशी पंच रुपचंद उभे होते. त्यांनी गाडगं घेतलं आणि माझ्यात पालथं केलं.

"भाऊ, हाई अर्पण शे," भिकुबाई म्हणाली. "मना वनानं नाव लेवाले सांगा."

"अक्का, आधी दशांश. यंदा काय दिलंत तुम्ही?"

"पिकनंच नही, ते दहावा वाटा कसाना?"

मागून कोणीतरी म्हणालं, "रुपचंदभाऊ, दुष्काळनाबी दहावा वाटा लेतस का?" दोघे-तिघे हसले.

रुपचंद वाईट नव्हते. एकाला सूट दिली की सगळी मंडळी विस्कटेल, असं त्यांना वाटायचं. पण तिची मिलो आता साऱ्यांच्या मिलोत मिसळली होती. मला ती वेगळी काढून देता आली नाही.

ताट रिकामंच मेजावर गेलं. वनाचं नाव कोणी घेतलं नाही. बुधवारी तो गेला.

नाव घेतलं असतं तर तो जगला असता का? मी टोपला, मला काय कळणार. पण तिला तेवढंच हवं होतं, आणि ते माझ्या पोटात बुडालं.

त्याला चार-पाच वर्षं झाली. आता माझा तळ गेला आहे. दारामागे तिरपा पडलोय. विणीत एक लाल दाणा अजून अडकून आहे. कोणाच्या हातून काही घ्याल तेव्हा आधी विचारत जा, बाबांनो, कशासाठी आणलंय.

परवा भिकुबाई दारापर्यंत आली. रुपचंद आत ताट पुसत होते. ते तसेच ताट घेऊन लगबगीने पुढे आले.

"अक्का, काही आणलं नसलं तरी चालेल. नाव सांगा. आज घेऊ."

तिने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पदर डोक्यावर ओढला आणि खडीच्या सडकेने चालू लागली.