पूजेच्या दिवशीची सही

डिचोलीतल्या औषधांच्या कारखान्याला सील लागलं तेव्हा सगळ्यांची नोकरी गेली. एकट्या धाकूची तेवढी गेली नाही, आणि तिथंच सगळं नडलं.

धाकू पार्सेचा. शेठची गाडी चालवायचा. सकाळी शेठना बंगल्यावरून आणायचं, संध्याकाळी पोचवायचं, मधल्या वेळात काचा पुसायच्या. मागच्या सीटवरच्या माणसाशी आपण होऊन बोलायचं नाही, विचारलंच तर हो म्हणायचं, हा त्याचा नेम. इतक्या नेमाने वागणाऱ्याचं कुणी वाईट कशाला करील, असं त्याला मनापासून वाटे. भोळेपणावर औषध नाही, मग कारखाना औषधांचा का असेना.

कारखान्यात दर श्रावणात सत्यनारायण व्हायचा. पूजेला जोडपं लागतं, आणि शेठची बायको गोव्यात कधी फिरकत नसे. एका वर्षी शेठनी धाकूला आणि त्याच्या बायकोला, कमलला, पूजेला बसवलं. मॅनेजर खाली चटईवर आणि ड्रायव्हर पाटावर! कमलने लग्नातला शालू पेटीतून काढला. धाकू सोवळं नेसून उपाशीपोटी बसला होता आणि छाती अशी फुगली होती की जानवं तोकडं पडावं. पूजेला बसलेल्या माणसाने त्या दिवशी कुणाला नाही म्हणू नये, ही त्याच्या घरची रीत. त्याच्या आईने अशा दिवशी दारात आलेल्या भांडखोर जावेलाही पायसाची वाटी दिली होती.

आरती झाली आणि शेठनी हसत हसत काही कागद पुढे केले. मुहूर्त चांगला आहे, म्हणाले, देवासमोरच सही करून टाक. कसले कागद हे धाकूने विचारलं नाही. बोटांना कुंकू होतं, त्याचा डाग सहीशेजारी उमटला. शेठ म्हणाले, हा तर शुभशकुन.

झालं होतं असं, की शेठाणीने आपलं नाव कंपनीतून काढून घेतलं होतं आणि कायद्याला दुसरा डायरेक्टर हवा होता. पाटावरही धाकू तिच्या जागी बसला आणि कागदावरही. ती शहाणी वेळेवर उठली, हा बसून राहिला. पुढे कितीतरी दिवस शेठ गाडीत शिरताना ‘चला डायरेक्टरसाहेब’ म्हणत, आणि धाकूला ती थट्टा वाटे. कमलही तीच थट्टा करी. सकाळी पाववाल्याचा भोंपू वाजला की म्हणे, “डायरेक्टरसाहेब, पोदेर इलो, पाव घेवन या.”

मग एक दिवस कळलं, की गोदामात नसलेला माल दाखवून शेठनी बँकांकडून कर्जं उचलली होती. शेठ परदेशात मुलीकडे गेले ते तिथलेच झाले. चौकशीला आलेल्या साहेबांनी धाकूसमोर तो कागद ठेवला. सही कुणाची, असं विचारण्याआधीच त्याने कुंकवाचा डाग ओळखला. त्या दिवसापासून कमलने ती थट्टा बंद केली.

बाकीचे कामगार रडले, चिडले आणि मिळेल त्या वाटेला लागले. धाकूलाही मोपाच्या विमानतळावर गाडी चालवायचं काम मिळत होतं, फक्त पोलिसांचा दाखला हवा होता. तो मिळेना, कारण केसमध्ये नाव. मग राजीनामा देतो म्हणून तो वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, राजीनामा देणार कुठे, दाराला तर सील आहे. आणि दिलास तरी तेव्हाची सही पुसली जाते थोडीच? मात्र एक वाट त्याने सांगितली. एखाद्या सरकारी कचेरीच्या कागदावर तू साधा कामगार म्हणून नोंदला गेलास, तर पोलिसांपुढे ठेवायला काही तरी होईल. बुडत्याला काडीचा आधार, धाकूने ती काडी घट्ट धरली.

अशात शांताराम त्याच्याकडे आला. शांताराम लाटंबार्सेचा, मशीनवर होता. त्याला कारखान्यात चिकटवला होता तो धाकूनेच. कामगारांची थकलेली देणी मिळावीत म्हणून सगळे मिळून मजूर कार्यालयात अर्ज देणार होते, आणि त्याने धाकूचं नाव आपल्या नावाखालीच घातलं होतं. काही जण नको म्हणत होते, त्यांच्याशी तो भांडला होता. धाकूला भरून आलं. आपल्या जुन्या व्हॅनमधून सगळ्यांना मीच नेतो, असं त्याने कबूल केलं. जाताना शांताराम त्याच्याशेजारी बसला होता आणि दोघं वाटभर जुन्या गोष्टींवर हसत होते.

कार्यालयातल्या बाईंनी अर्ज नीट वाचला. तक्रार कंपनीविरुद्ध, आणि कंपनी म्हणजे तिचे दोन डायरेक्टर. मग त्यांनी खालची नावं वाचली, पुन्हा वर पाहिलं आणि हे दोघे एकच का म्हणून विचारलं. धाकू हो म्हणाला. बाई वाईट नव्हत्या. पण एकच माणूस तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार तोही, असा अर्ज मला घेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. वरचं नाव कंपनीच्या दप्तरातलं, ते काढता येत नाही. खालचं तुम्ही काढू शकता.

सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले. शेवटी शांताराम म्हणाला, “धाकू, तुका जाय तसा कर. आमी परत गेलो तरी चलतला.”

चालणार नव्हतं, हे धाकूला ठाऊक होतं. शांतारामच्या मुलीचं कॉलेज ह्याच देण्यावर अडलं होतं. आज पूजा नव्हती, उपास नव्हता, नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती. त्याला शेठचा राग आला, शांतारामचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आणि तरी नाही हा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. त्याने पेन घेतलं आणि आपल्या नावावर रेघ मारली.

खाडाखोड आहे, बाई म्हणाल्या, तिच्याशेजारी तुमची सही लागेल.

ह्या खेपेला धाकूने कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, वरचं आपलं नावही वाचलं. मग सही केली. बोटं कोरडी होती, डाग पडला नाही.

बाहेर येऊन त्याने व्हॅनचं दार उघडलं. शांताराम पुढच्या सीटपाशी जरा घुटमळला, मग इतरांबरोबर मागे जाऊन बसला. धाकूने आरशात पाहिलं. शांताराम खिडकीबाहेर बघत होता. काही बोलावं असं धाकूला फार वाटलं, पण मागच्या सीटवरच्या माणसाशी आपण होऊन बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने गाडी चालू केली.