शून्य चॅनेल

मित्रांनो, मी अंगठ्याएवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला जुना टीव्ही ट्यूनर. माझं एक टोक संगणकात बसतं, दुसऱ्या टोकाला अँटेनाची केबल लागते आणि हवेतून आलेलं चित्र मी पडद्यावर पोहोचवतो. एवढं साधं काम, पण ते सुखाने करू देतील तर ती माणसं कसली!

माझी पहिली चार वर्षं मजेत गेली. या घरची लेक तेव्हा वसतिगृहात राहायची. तिच्या संगणकावर मुक्त, म्हणजे फुकटात मिळणारं, सॉफ्टवेअर होतं आणि आमचं छान जमलं होतं. खोलीभर मुली माझ्या जिवावर सामने बघायच्या. पुढे ती व्हॉलीबॉलची पंच झाली, गावोगाव फिरू लागली, आणि मी व संगणक तिच्या आईबाबांकडे येऊन पडलो. दोन वर्षं मी आईच्या शिवणाच्या डब्यात काढली. बटणांच्या संगतीत!

बाबा निवृत्त वायरमन. लेकीचं पंच होणं त्यांना मुळीच पटलं नव्हतं. "शिट्ट्या फुंकून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून ते तिच्या एकाही सामन्याला गेले नव्हते. पण एका सोमवारी तिचा फोन आला. रविवारी चार वाजता अंतिम सामना, ती मुख्य पंच, आणि टीव्हीवर थेट दाखवणार. बाबा म्हणाले, "या वेळी बघतो." घरातला टीव्ही केव्हाच बंद पडला होता, म्हणून माझी आठवण झाली.

तिथून माझे हाल सुरू झाले. संगणकात तीच मुक्त प्रणाली नव्याने भरलेली होती, त्यामुळे मला जागं करणारी फाइलच तिच्यात नव्हती. आईने फोनवर वाचून वाचून ती शोधली आणि जागेवर ठेवली. मग कळलं, चॅनेल शोधायच्या यादीत भलताच देश निवडलेला आहे. तेही सुधारलं. तरी पडद्यावर तेच: शून्य चॅनेल सापडले.

"फुकटातलं आहे ना, असंच असणार!" बाबा कडाडले.

"अहो, याच फुकटातल्यावर ती चार वर्षं बघत होती."

मला आठ वेळा उपटलं, आठ वेळा खुपसलं. फुंकर मारली, टपल्या मारल्या. अरे, मी काय आजारी होतो?

दोष होता केबलमध्ये. ती आखूड पडली म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी तुकडा जोडला होता. वायरमनच्या सवयीने त्यांनी मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी नुसतं कवच समजून कापून टाकली, फक्त मधली तार जोडली आणि टेपचे सात वेढे मारले. आईने शनिवारीच विचारलं होतं, "इथे फोनवर लिहिलंय, जाळीही जोडावी लागते. बघता का एकदा?"

"तीस वर्षं जोड मारतोय मी. मला शिकवू नकोस."

रविवारचे चार वाजले. सव्वाचार झाले. बाबा मला शिव्या घालत होते. शेवटी आईने कात्री आणली आणि तो जोडच कापला.

"अगं, काय करतेस!"

"आता जाळीसकट जोडा."

बाबांनी एकवार घड्याळाकडे पाहिलं आणि जोडायला बसले. चॅनेल पुन्हा शोधले आणि पाच वाजता चित्र आलं. शेवटचा सेट चालू होता. पंचाच्या उंच चौथऱ्यावर त्यांची लेक उभी होती. एक प्रशिक्षक तिच्यावर हात नाचवत ओरडत होता. तिने शांतपणे पिवळं कार्ड दाखवलं आणि तो गुमान मागे सरला. बाबा खुर्चीतून उठले, ते सामना संपेपर्यंत बसले नाहीत.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बघितलंत का, बाबा?"

"शेवटचा सेट बघितला. आधीचे हुकले. यंत्राचा दोष नव्हता, जोड मीच चुकीचा मारला होता." मग म्हणाले, "आणि या आधीचे तुझे सगळे सामनेही माझ्यामुळेच हुकले, बाळा."

मित्रांनो, यंत्र चाललं नाही तर खुशाल चिडा, पण आधी स्वतःच्या हातचं काम उघडून बघा. मी काय, उद्याही चालेन. ते हुकलेले सेट बाबांना मी कुठून दाखवू?