रेषेला जाडी नसते

माणूस हुशार असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही. दशरथ मास्तरांना हे त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, लग्नापासून ऐकवलं होतं. मास्तरांना ते कधी पटलं नाही. शाळेत उभा जन्म भूमिती शिकवलेली, रिटायर झाल्यावरही पूनम सागर सोसायटीतल्या अर्ध्या पोरांना तेच घरी बसवून शिकवत. पहिल्या दिवशी फळ्यावर एक रेघ ओढायची आणि विचारायचं, ही रेषा आहे का? पोरं हो म्हणाली की मास्तर खूश. नाही रे गाढवांनो, ही खडूची रेघ. रेषेला फक्त लांबी असते, जाडी नसते. जाडी तुमच्या खडूला असते.

सुगंधाबाईला हे वाक्य पाठ होतं. ती वरसाव्याची, खाडीकाठची. मास्तरही इकडचेच, पण शाळेत शिकवून शिकवून त्यांची बोली पार धुऊन निघाली होती. तिची मात्र जशीच्या तशी राहिली. मास्तरांवर राग आला की ती त्यांना ‘सर’ म्हणायची आणि प्रेम आलं तरी ‘सर’च म्हणायची. कुठलं कधी, ते मास्तरांनी ओळखायचं.

अशी चालती-बोलती बाई बाथरूममध्ये पडली आणि पाठीच्या मणक्यानं दगा दिला. हाडं आधीच ठिसूळ. डॉक्टरांनी सांगितलं, बसवायचं नाही, वाकवायचं नाही, तिरपं करायचं नाही. सपाट ठेवून कुठंही न्या. कुठंही न्या म्हणायला काय जातंय? घर चौथ्या मजल्यावर. हॉस्पिटलातून आणताना स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्यानं चढवलं, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते तिरपं झालं आणि ती पायांकडे घसरली. तिची किंकाळी खाली वॉचमनपर्यंत गेली. घरी पलंगावर टेकल्यावर तिनं श्वास घेतला आणि बजावलं, ह्या जिन्यानं मला परत न्हाय न्यायचं, मेल्यावर पन न्हाय. त्यानंतर ती खोलीतच राहिली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे तेवढे दिसत.

तिनं कशाचा हट्ट धरला नाही, एक सोडून. वरसाव्याला चैत्रात गावदेवीची पालखी निघते. तिच्या माहेरच्या अंगणात ती थांबते आणि घरच्या लेकीनं ओटी भरल्याशिवाय उठत नाही, अशी त्या घराची रीत. सुगंधाबाई पडल्यापासून तिच्या भावाची, काशीनाथची, बायको ती ओटी भरत होती. पालखी उठत होती, देवी काही रागावली नव्हती. पण सुगंधाबाईला ते सलत होतं. चैत्र जवळ आला तशी ती मास्तरांना म्हणाली की मला आडवीच न्या, मी आडवीच ओटी भरीन, पण एकदा न्या. पुढच्या चैत्राचा काय भरवसा, असंही म्हणाली. मास्तर म्हणाले, नेतो.

आता नेतो म्हणणं सोपं. मास्तर टेप घेऊन लिफ्टमध्ये शिरले. चार माणसांची जुनी लिफ्ट, लोखंडी जाळीची. आत रुंदी भरली तीन फूट. खोली भरली चार फूट. मास्तर तिथंच थबकले. तीन आणि चार! ज्या त्रिकोणावर त्यांनी आयुष्य काढलं, तोच त्रिकोण त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रोज वर-खाली करत होता. आयताचा कर्ण पाच फूट. आणि सुगंधाबाई? चार फूट दहा इंच. लग्नात सगळे उंचीवरून चिडवायचे तिला, आज ती उंची कामाला आली.

तरी मास्तर नुसत्या हिशोबावर विसंबणारे नव्हते. घरात पडद्याचा जुना रॉड होता, पाच फुटाला बोटभर कमी. तो नेऊन त्यांनी लिफ्टच्या फरशीवर आडवा ठेवला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. जाळी ओढली. खडखडत लागली. वॉचमन बघत होता, त्यानं विचारलं, “सर, क्या हुआ?” मास्तर हसले. किती महिन्यांनी हसले म्हणावं, ते त्यांनाही आठवेना.

मग सगळं भराभर ठरलं. ॲम्ब्युलन्स सांगितली. काशीनाथ येणार होता. तिसऱ्या मजल्यावरचा जितेंद्र, मास्तरांचा जुना विद्यार्थी, ऑफिसला दांडी मारून धरायला येणार होता. सुताराकडून एक फळी करून घेतली, सुगंधाबाईपेक्षा इंचभर लांब, वर गादी, बाजूला पट्टे. खांदे नीट मावावेत म्हणून रुंदी दीड फूट ठेव, हे मास्तरांनीच सुताराला सांगितलं. फळी आदल्या संध्याकाळी आली. सुतारानं ती उभी करून लिफ्टनंच वर आणली. ती एकदा आडवी घालून बघावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या आलं नाही, कारण सिद्ध झालेली गोष्ट परत तपासायची नसते. बाकीच्यांच्या आलं नाही, कारण सरांनी सांगितलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सकाळी सुगंधाबाईला हिरवी साडी नेसवली. नेसवली म्हणजे अंगावर पसरून दोन्ही बाजूंनी खोचली. तिनं आरसा मागितला, कुंकू स्वतः लावलं. ओटीचं ताट पोटावर ठेवून घेतलं, खण, नारळ, तांदूळ, आणि दोन्ही हातांनी धरून बसली. बसली कसली, पडूनच होती, पण चेहरा असा की वाटावं निघाली बाई माहेरी. शेजारणी दारात आल्या होत्या. एकीनं गुजरातीत देवीचं नाव घेतलं.

काशीनाथ डोक्याकडून, जितेंद्र पायांकडून. मास्तर पुढं होऊन जाळी उघडून उभे राहिले. फळी आत सरकली, कोपऱ्याच्या रोखानं वळली आणि अडली. डावा कोपरा भिंतीला लागला. थोडी मागं घेतली, दुसऱ्या बाजूनं वळवली, उजवा लागला. तिचे पाय लिफ्टमध्ये आणि छातीपासून वर सगळी बाहेर. जाळी लागण्याचा प्रश्नच नव्हता. जितेंद्र म्हणाला, सर, एका बाजूनं उचलून थोडं तिरपं करू का? सुगंधाबाईच्या हातातलं ताट हललं, तांदूळ सांडले. तिनं ओठ दाबले. मास्तर ओरडले, तिरपं नाही करायचं!

आणि मग त्यांना दिसलं. सगळ्यांसमोर, लिफ्टच्या पिवळ्या बल्बखाली स्वच्छ दिसलं. कर्ण ही रेषा. रॉडही रेषेसारखाच. पण फळी म्हणजे आयत, आणि आयताला चार कोपरे असतात. आयतात आयत तिरका बसवायचा तर चारही कोपरे आत मावावे लागतात. ही चूक सातवीतल्या पोरानं केली असती तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. मनातल्या मनात त्यांनी आकडेमोड केली, सवयच ती. या लांबीची फळी त्या लिफ्टमध्ये मावायची तर तिची रुंदी बोटभर हवी. बोटभर रुंदीची बायको हवी.

खाली ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न देत होता. काशीनाथ कुणाकडेच न बघता फळी पेलून उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. सुगंधाबाईनं मान वळवता येत होती तेवढी वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मास्तरांना जास्त लागलं.

“सर,” ती म्हणाली, “माझी जाडी मोजलीच न्हाय तुमी.”

जितेंद्रनं जिन्याचं विचारलं. तिनं नाही म्हटलं. काशीनाथनं विचारलं, तायडे, मी हळू उतरवतो, पावलापावलानं. तिनं नाही म्हटलं. परत खोलीत नेऊन पलंगावर ठेवलं. ताट तिनं भावाच्या हातात दिलं आणि म्हणाली की वैनीला सांग भरायला. ॲम्ब्युलन्स रिकामी गेली. पालखी त्या संध्याकाळी अंगणात थांबली आणि उठली. काशीनाथ दुसऱ्या दिवशी देवीचं हळदकुंकू घेऊन आला. तिनं ते कपाळाला लावलं, बाकी काही विचारलं नाही. कोण आलं, किती गर्दी होती, काही नाही.

मास्तरांनी शिकवण्या बंद केल्या. पोरांच्या आयांना सांगितलं, तब्येत बरी नाही. खरं म्हणजे खडू हातात घ्यायची लाज वाटत होती. ते बायकोच्या उशाशी बसत आणि तिच्याकडे बघत राहत. तिचे खांदे किती रुंद होते, कंबरेशी गादी किती दबली होती, आजारात ती केवढी बारीक झाली होती. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, आणि मोजायची वेळ आली तेव्हा नुसती उंची मोजली. एकदा त्यांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या हो, तुमी निदान मोजायला तरी गेलात. मास्तर त्यावर रडले. तिनं रडू दिलं.

श्रावण सरता सरता सुगंधाबाई गेली. सकाळी चहा घ्यायला उठवलं तर उठली नाही.

खाली कंपाउंडमध्ये तिरडी बांधायला घेतली. वर माणसं जमली तसा प्रश्न आला, बाईंना खाली कसं आणायचं? कुणी म्हणालं, चादरीत घालून जिन्यानं, आता काय दुखायचंय त्यांना. म्हणणारा वाईट नव्हता, खरंच सांगत होता. पण मास्तर भिंतीपासून उठले आणि म्हणाले की जिन्यानं नाही. तिनं सांगून ठेवलंय. मास्तरांना या वेळी काहीही मोजावं लागलं नाही.

“काशीनाथ,” ते म्हणाले, “तिला उभी कर.”

दोघांनी दोन बाजूंनी धरली. हिरवी साडी नेसवलेली होती, आज नीट नेसवली होती, निऱ्या घालून. ती पडल्यापासून पहिल्यांदाच उभी राहिली. मास्तरांच्या खांद्याला तिचं डोकं लागलं. तिचं डोकं आपल्या खांद्याला लागतं, हे मास्तर विसरूनच गेले होते. त्यांनी तिच्या पाठीमागून हात घातला आणि पाठ सांभाळून धरली, दुखेल म्हणून. तिघं लिफ्टमध्ये शिरले. आत अजून एक माणूस मावला असता.

जितेंद्रनं बाहेरून जाळी ओढली. ती पहिल्या झटक्यात लागली.